गुरुजींच्या टीव्हीवरच्या मुंग्या

६ नोव्हें.
गल्लोगल्ली सांगून आलो. परवा चार वाजता सगळ्यांनी आपापले टीव्ही एकदम लावायचे. १४ला रॉकेट उडेल त्या सकाळी माझी केबल तग धरते का, बघायचंय. कांबळे गुरुजींची लेक सुनंदा रॉकेटच्या केंद्रात इंजिनिअर. पडद्यावर दिसली तर नांदूरघाटचं नाव. गुरुजींचं घर मात्र लाईनीच्या पार शेवटी, बुद्धविहारामागं. पाचवी ते सातवी त्यांनी शिकवलं मला. घरात पहिल्यांदा शिरलो तो तार ओढायला. लाज वाटली.

८ नोव्हें.
चाचणी झकास. गुरुजींकडं चित्र आरशासारखं. स्वतःचीच पाठ थोपटली.

९ नोव्हें.
कसली झकास! निम्म्या गावानं टीव्ही लावलेच नव्हते. चाचणी म्हणजे काहीतरी खास, म्हणून सगळे किराणावाल्या आप्पांच्या रंगीत टीव्हीपुढं जमले. मी मारे खांबावर.

११ नोव्हें.
पुन्हा चाचणी. घराघरात दटावून बसवलं. सगळे टीव्ही लागले नि व्होल्टेज पडलं. शेवटच्या खांबावरचा बूस्टर सिग्नल उचलेना. गावात चित्र ठीक, गुरुजींकडं नुसत्या मुंग्या.
"आवाज येतोय की," गुरुजी म्हणाले. लई वाईट वाटलं.

१२ नोव्हें.
नवा बूस्टर बीडलाही मिळाला नाही. उपाय एकच. बाकीच्यांनी टीव्ही बंद ठेवून गुरुजींकडं बसायचं. आप्पांपासून सुरुवात केली.
"माझ्याकडं चांगलं दिसतंय की. तितं कशाला जावं?"
"पोरगी त्यांची हाय, आप्पा."
आप्पा तराजू पुसत राहिले. कुणाच्याही टीव्हीपुढं जाऊन बसणारं गाव, पण त्या दारात कधी गेलेलं नाही. त्यांनाही माहीत, मलाही.

१४ नोव्हें. सकाळी
गुरुजींकडंच बसून लिहितोय. घरचा टीव्ही बंद करून आलो. आप्पांची तार तोडायला पक्कड घेतली होती, खांबापासून परत फिरलो. जबरदस्तीनं आलेली माणसं गुरुजींनाही नको असतील.
अंगणात सतरंज्या. काकूंनी मोठं पातेलं चढवलंय. उडायला वीस मिनिटं.
मघापासून मुंग्या पातळ होतायत. म्हणजे गावात कुणी कुणी टीव्ही बंद करतंय. कंट्रोल रूममधली टेबलं दिसायला लागली, माणसं दिसतात, चेहरे अजून नाहीत. गुरुजी चष्मा पुसून पुढं सरकले.
मी दाराकडं बघतोय. वाटेवर कुणी नाही.
काकू विचारतात, "चहात साखर किती जणांची टाकू?"