मराठीत मोजलेल्या बैठका

जानकीपुरम, लखनऊ

तीर्थस्वरूप बाळकृष्णदादा,

नंदूचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समजा. खरोखर साष्टांग पडलो तर सध्या मला उठवायला दोन माणसं लागतील. का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? माईंचा खोकला थांबला का? मास्तरकी संपली तरी तुम्ही गल्लीतल्या पोरांना धरून पाढे म्हणायला लावता असं ऐकलं. लावा दादा, अगदी कान धरून लावा. त्याचं महत्त्व मला आत्ता या वयात कळलंय.

आमचे जयसिंगराव गेले, हे फोनवर सांगितलं होतं. माणूस वाईचा, लष्करात हवालदार. इथल्या छावणीतून निवृत्त झाला आणि गावी परतायचं सोडून आमच्या मागच्या गल्लीत जिम काढून बसला. जयसिंग नाव ऐकून लोकांनी त्यांना परस्पर राजस्थानचे ठाकूर करून टाकलं, आणि त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही. ("ठाकूर तर ठाकूर, बैठका काय कमी होणारेत?") साठी उलटली तरी दंड असे, की शिंपी बाहीचं माप दोनदा घ्यायचा. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा तेल चोपडलेला फोटो, आणि फोटोखाली भिजवलेल्या चण्यांची परात. कोणाचं पोर नापास झालं, घरी भांडून आलं, की आधी मूठभर चणे आणि मग शिव्या, हा क्रम कधी चुकला नाही. मी संध्याकाळी नुसता गप्पा मारायला जायचो. मला बघितलं की म्हणायचे, "बँकवाले, पोट घरी ठेवून येत चला!" या माणसावर माझा जीव होता, दादा.

आता त्यांची खासियत सांगतो. बैठका ते मराठीत मोजायचे. गल्लीतली झाडून सगळी पोरं अवधची, मराठीचा गंध नाही, पण एक ते नव्व्याण्णव खणखणीत! मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "हिंदीत मोजलं की पोरं माझ्यापुढे पळतात, मधले आकडे गिळतात. मराठीत त्यांना माझ्या मागूनच यावं लागतं." आणि शंभर हा आकडा त्यांनी कधी उच्चारला नाही. नव्व्याण्णवला थांबायचे आणि म्हणायचे, "उरलेली उद्या." एक बैठक बाकी ठेवली की पोरगं दुसऱ्या दिवशी येतंच, असा त्यांचा हिशेब.

ते गेले आणि जिमला कुलूप लागलं. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभावहिनींनी वाईला भावाकडे जायचं ठरवलं, सामान बांधायला घेतलं, हॉल एका कोचिंग क्लासवाल्याला द्यायचं तोंडी ठरलंसुद्धा. पोरं पाया पडून थकली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ते नाहीत तर मोजणार कोण?"

तेव्हा पोरं माझ्या दारात आली. पुढे विपुल, हा सगळ्यात दांडगा. म्हणाला, "अंकल, अब आप ही सँभालिए." दादा, माझी छाती अशी काही फुगली! शेवटी माझ्या अंगकाठीत यांना काहीतरी दिसलं तर! त्याच दिवशी नवीन बनियन आणला आणि आरशासमोर उभा राहिलो. (वासंती कणीक मळत होती, ती हसता हसता खाली बसली.) दुसऱ्या दिवशी उलगडा झाला, की त्यांना फक्त मोजणारा हवा होता आणि गल्लीत मराठी पुरुष आता मीच एकटा. पण मी म्हटलं, ठीक आहे, मोजायचं तर मोजायचं. नंदकुमारने एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. जिम बंद होऊ द्यायची नाही!

शोकसभा जिममध्येच ठेवली. दोन मिनिटं गप्प उभं राहणं जयसिंगरावांना आवडलं नसतं, म्हणून सगळ्यांनी बैठका मारायच्या आणि मी मोजायचं. कुलूप उघडून वहिनी घराकडच्या आतल्या दारात खुर्ची टाकून बसल्या, तोंड दुसरीकडे. मी नुसतं मोजायचं सोडून जोशात स्वतःही बैठका सुरू केल्या (इथेच माझं चुकलं). तिसापर्यंत झकास गेलं. मग श्वास लागला, आणि दादा, माझ्या तोंडून निघालं, "सैंतीस!" जन्म बँकेत हिंदीत नोटा मोजण्यात गेला हो. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "सदतीस, अंकल!" पुढे मी "उनचास" म्हणालो, तर विपुल खाली वाकलेला तसाच थांबून, "एकोणपन्नास! जयसिंग भैया वाला बोलिए!" लखनऊची पोरं मला, सातारा जिल्ह्यात शिकलेल्या माणसाला, मराठी शिकवत होती. साठ बैठकांनंतर मला उठताच येईना. मी जमिनीवर बसून मोजत राहिलो, खरं तर पोरं मोजत होती आणि मी मागून जात होतो. पण सोडलं नाही!

"नव्व्याण्णव" झालं आणि सगळी एकदम थांबली. पुढचं वाक्य कोणी बोलेना. माझ्या तर ओठावर होतं, पण मी फोटोखालच्या रिकाम्या परातीकडे बघत राहिलो. विपुल भिंतीकडे तोंड करून रडायला लागला, एवढा दांडगा पोरगा.

तेवढ्यात आतल्या दारातून वहिनी म्हणाल्या, "उरलेली उद्या." आणि उठून चणे भिजत घालायला गेल्या.

आता रोज पहाटे मी जातो. बांधलेलं सामान वहिनींनी सोडलं. कोचिंगवाल्याला मी स्वतः जाऊन नकार कळवून आलो. इकडची काळजी नसावी.

तुमचा,
नंदू

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. मुलांची अंकलिपी मिळते ना, आकडे अक्षरांत लिहिलेली, ती एक ताबडतोब पाठवा. पाकिटावर "नातवासाठी" असं लिहा. (मला नातू नाही, हे पोस्टमनला माहीत नाही, आणि वासंतीला मी बघून घेईन.)

ता. क. दुसरा : ठळक अक्षरांची पाठवा. पोरं चुकलेलं सांभाळून घेतात. पण वहिनी रोज दाराआड उभ्या राहून ऐकतात, आणि मी चुकलो की आतून हळूच बरोबर आकडा येतो, अगदी जयसिंगरावांच्या चालीत. त्यामुळे लवकर पाठवली नाहीत तरी चालेल.