पंधरा दिवस विद्याधर नगरला

भार्गवी,

तू अनिमेषला शाळेत सोडायला गेलीस आणि तुझी नणंद विभा गाडी घेऊन आली. मी पंधरा दिवस तिच्याकडे, विद्याधर नगरला राहणार आहे. घाबरू नकोस, माझा मुरगळलेला पाय आता ठीक आहे. परत आल्यावर दुपारी शेजारच्या सुनीताजी माझ्याजवळ थांबतील, त्यांच्याशी मी बोलले आहे.

काल तू जयंतला सांगत होतीस, आईंना एकटं टाकून कशी जाऊ, एअरलाइनला नाही म्हणून कळवते. मला फक्त फोनवर कमी ऐकू येतं, पलीकडच्या खोलीतलं नीट येतं. आता मी घरातच नाही, तेव्हा दुसरं कारण शोध.

त्यांनी तुला एका ईमेलवर काढलं आणि एका ईमेलवर परत बोलावलं, याचा राग मलाही आहे. पण चेक-इनचं काउंटर सुटून दोन वर्षं झाली तरी परवा भाजीवाले भैया हसत होते, "भाभीजी आज भी एअरपोर्टवाली आवाज़ में धनिया माँगती हैं."

वरणाला फोडणी द्यायची राहिली आहे. युनिफॉर्मचा कोट इस्त्री होऊन आला, तुझ्या कपाटात लावला आहे.

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजने मलाही रजेनंतर परत बोलावलं होतं. सासूबाईंना तेव्हा दमा होता. थांब, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण जा, असंही म्हणाल्या नाहीत, आणि तेवढं ऐकायची वाट बघत मी घरी राहिले. म्हणून हे लिहून ठेवते. सोमवारी कामावर जा.

आई