गाव न विचारणारा वकील

३ जून
दादा गावाहून, वाटूरहून आला. एक साडी मला, एक आईला. साड्या दिसल्या तेव्हाच कळलं. बाबांना जाऊन वर्ष झालं, आता शेतातल्या वाट्याचं हक्कसोडपत्र. "सुमन, वीस तारखेला परतूरला येऊन सही करून जा. मायचीबी त्याच दिवशी घेऊ. समद्या बहिणी देतात." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. माझ्या वाट्याचं सोडा. पण आई वर्षभर माझ्याकडे आहे, वहिनीशी पटत नाही म्हणून. तिनं सही केली की तिच्या नावावर ढेकूळसुद्धा उरणार नाही. आधी वकिलाला विचारते.

५ जून
दवाखान्यातली ड्यूटी संपवून कोर्टाजवळच्या वकिलाकडे. बसायच्या आत प्रश्न : गाव कोणतं, कोणाच्या तुम्ही. मी मूर्खासारखं आजोबांपासून सगळं सांगून बसले. ते निघाले वहिनीच्या माहेरचे. चहा आला. "ताई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." हे वकील सांगतोय.
संध्याकाळी दादाचा फोन. "तू वकिलाकडं गेल्ती म्हणं."

७ जून
दादा बोलत नाही. वहिनी बोलते. त्यापेक्षा दादाचा अबोला बरा.

९ जून
दुसरं ऑफिस. तिघांची फर्म, मोठी पाटी : वारसा, वाटणी, मृत्युपत्र. वकीलबाई नीट ऐकून घेणाऱ्या. वाटलं, सापडल्या. वाटूर म्हटलं तशा उठल्या, आतल्या खोलीत जाऊन आल्या. "ताई, पुढचं मला सांगू नका. तुमच्या भावाचं हक्कसोडपत्र आमच्याकडंच तयार होऊन राह्यलं." प्रामाणिक बाई. पण इतका संताप आला की चप्पल उलटसुलट घालून जिना उतरले. अख्ख्या जालन्यात दादा पोचला नाही असा एक वकील नाही?

१२ जून
रजा टाकली. ठरवलं, गाव सांगायचंच नाही. करीम वकील, मूळ शहागडचे, म्हातारे. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "सातबारा दाखवा." आता सातबाऱ्यावर पहिलं गावच लिहिलेलं असतं, झाकणार कसं. त्यांनी वाचलं, कागद बाजूला ठेवला. मी तासभर बोलले. मध्ये डोळेही पुसले. शेवटी :
"आईचं काय म्हणणं?"
"तिचं काय असणार. तिच्यासाठीच तर फिरून राह्यले."
"विचारलं का बराबर?"
नव्हतं विचारलं. दादानं नाही, मीही नाही. लाज वाटली, आणि राग वकिलाचा आला. "त्यांना घेऊन या. मंग तुम्ही बाहेर बसायचं."

१३ जून
आईला विचारलं, येतेस का. भाकरी थापत होती. "आज आठवण झाली व्हय." 

१६ जून
आई आत, मी बाकावर. पाऊण तास. एकदा आतून तिचं हसणं आलं. बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मग मला बोलावलं.
"मी यांचं वकीलपत्र घेतलं. यांचं अन् तुमचं म्हणणं एकच निघंल असं न्हाई. तुम्ही तुमच्यासाठी दुसरा वकील बघा. जल्दी, वीस तारीख आली."
रिक्षात विचारलं, "माय, काय सांगितलं तू?"
"कोणालाच सांगू नका म्हणले वकील."
"मी कोणी परकी हाय का?"
"तूबी वाटेकरीच की."
 रिक्षावाल्यानं भाडं जास्त सांगितलं म्हणून घर येईपर्यंत ती त्याला रागावत होती.

१७ जून
दादाचा फोन, इतक्या दिवसांनी. "माय काय म्हणून राह्यली?" मी म्हणाले, मला माहीत न्हाई. त्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.
बाबांच्या कागदांची पिशवी आईनं माझ्या कपाटातून काढून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. कुलूप लावलं.
जिच्यासाठी वकील शोधला तिला मिळाला. मला अजून शोधायचाय, आणि तो कोणाच्या विरुद्ध तेच कळत नाही. उद्या अंबडला जाऊन बघते.