सूक्ष्म हमालांचा संप

शिरड शहापूर, जि. परभणी
दि. ४ नोव्हेंबर १९७८

चि. जनका हीस अमृतकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. शरीराच्या प्रत्येक पेशीत अतिसूक्ष्म हमाल असून ते दोऱ्यांवरून पावले टाकीत ओझी वाहत असावेत, हे वृत्त मी शिक्षकांच्या खोलीत यथोचित गांभीर्याने वाचून दाखविले. जळबा शिपायाची पृच्छा अशी, की कळमनुरीच्या बाजाराला ज्वारी न्यायला ते कधी मिळतील.

मजवर जन्मापासून लोभ करणारे पडसे सांप्रत मुक्कामास आहे. संस्कृतच्या तासाला विसर्ग मी उच्चारीत नाही; नासिका स्वयमेव उच्चारते.

तुझी वहिनी कमल सुखरूप आहे. माघात तिचे ओटीभरण. तुझ्या मातोश्रींचा, म्हणजे आमच्या रुक्मावहिनींचा, निरोप आला, की द्वारकेनं त्या दिवशी चूल सांभाळावी, पाटापाशी येऊ न्हाई. जिची कूस उजवली न्हाई तिचा हात ओटीला नको. तुझी द्वारकाकाकू बरं म्हणाली. लेकरासाठी लग्नापासून धरलेले सोमवार तिने आता निर्जळ केले आहेत. औंढ्याच्या नागनाथास तिची तहान दिसत असावी अशी आशा आहे.

आमच्या स्नेहाचे ओझे तुझ्या हमालांस जड न होवो.

अमृतकाका

*

मुंबई
दि. १३ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. काकांस जनकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

जळबाकाकांना सांगा, असे लाखो हमाल मिळूनही ज्वारीचा एक दाणा हलणार नाही. त्यांच्या पाठीवर औषधाचा कण देऊन तो नेमक्या पेशीच्या दारात उतरवावा, असे स्वप्न आमचे सर पाहतात. ते खरे होईतो माझे केस पांढरे होतील.

सध्या मी श्वासनलिकेतले सूक्ष्म केस तपासते. प्रत्येक केसात दोऱ्या असतात, दोऱ्यांना इवले हात. ते शेजारची दोरी ओढतात, म्हणून केस हलतो आणि कफ वर ढकलला जातो. काही माणसांत हे हातच नसतात. त्यांचे पडसे जन्मभर हटत नाही.

आईचे वाचून लाज वाटली. तिला लिहिले; उत्तर नाही.

काका, तुमचे हृदय कोणत्या बाजूला आहे? थट्टा करत नाही. उलट टपाली कळवा.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

जनका

*

शिरड शहापूर
दि. २० नोव्हेंबर १९७८

चि. जनकास अनेक आशीर्वाद.

तू हे कसे ताडलेस? तरुणपणी सैन्यभरतीस गेलो असता डॉक्टरने डाव्या छातीवर नळी लावून मला मृत ठरविले आणि उजवीकडे लावून पुनर्जन्म दिला. तेव्हापासून मी स्वतःस विधात्याची विशेष आवृत्ती समजतो. लग्न ठरविताना हा गुण वराच्या बाजूने सांगण्यात आला होता. तुझी काकू म्हणते, ज्याचं काळीजच बराबर जागी न्हाई त्याला काय इचारायचं.

उत्सुकतेचे निवारण करून उपकृत करावे.

अमृतकाका

*

मुंबई
दि. २९ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पुतणीने चुलत्याला लिहू नये असे लिहिते आहे. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी परदेशात दाखवून दिले गेले, की जुनाट पडसे आणि उजवीकडचे हृदय यांचे मूळ एकच असू शकते : ते नसलेले हात. पुरुषबीजाच्या शेपटीतही तेच हात असतात. ते नसले तर बीज जागचे हलत नाही, आणि मूल होत नाही. तसे असेल तर काकूंचा यात काडीचा दोष नाही.

हा माझा तर्क आहे. नांदेडला डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. आणि निघेल ते, काका, काकूंना माघाच्या आत सांगा.

चुकले असेल तर पोटात घाला.

जनका

*

शिरड शहापूर
दि. १२ फेब्रुवारी १९७९

चि. जनकास अनंत आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला, कारण धैर्यास झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी मला स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. माझी अक्षौहिणी सेना शेपट्या पसरून स्वस्थ पडली होती. मी विनोद केला, डॉक्टर हसले. मला हसता आले नाही. घरी येऊन काकूस काहीही सांगितले नाही.

गेल्या शुक्रवारी ओटीभरण झाले. बायका पाटाभोवती, द्वारका चुलीपाशी, पुरुष ओसरीवर. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. तो ऐकवेना, तेव्हा मी उठून माजघरात गेलो आणि सभासंमत रीतीने निवेदन केले, की या कुलातील अपत्यहीनतेचे श्रेय आजवर चुकीच्या व्यक्तीस दिले गेले. ते सर्वस्वी माझे असून शास्त्रसिद्ध आहे. माझे हमाल जन्मतःच संपावर आहेत. कोणी हसले नाही. तुझ्या मातोश्री पदराआडून म्हणाल्या, भाऊजी, बायांत येऊन हे काय बोलून राहिले तुमी. तोच कमल पाटावरून उठली. काकीबाई आल्याबिगर मी ओटी घेत न्हाई, म्हणाली.

तुझ्या मातोश्रींनी ओटीचे तबक उचलले. ते घेऊन त्या स्वतः चुलीपाशी गेल्या. पहिली ओटी तुझ्या काकूने भरली. हाताचे पीठ कमलच्या पदराला लागले ते कोणी झटकले नाही.

ती रडेल वा रागावेल, अशी माझी सिद्धता होती. पाहुणे गेल्यावर भांडी घासता घासता तिने इतकेच विचारले, की मंग इतके वर्सं मी सोमवार कोनासाठी धरून राहिले व्हते. मग व्यवस्थाही तिनेच लावली. यापुढचे सोमवार माझे.

आज सोमवार. तुझी काकू माझ्यासमोर बसून गरम भाकरी आणि ठेचा खाते आहे, सावकाश. मी निर्जळ आहे. असे सोमवार किती, हे तिने सांगितलेले नाही आणि विचारण्याची माझी पात्रता नाही.

लोभ वृद्धिंगत व्हावा. खाऊ पाठविणार असशील, तर तो मंगळवारी पोचेल असे पाहावे.

अमृतकाका