ट्रॉलीबसचा बडग्या

इतवारी, नागपूर

ती. स्व. यमुताईस,

धाकट्या केशवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. तुझे गुडघे कसे आहेत ते नीट कळव. भाऊजींले नमस्कार सांग. तुझ्या जाऊबाईंसमोर, म्हणजे सिंधूताईंसमोर, मात्र माझं नावच काढू नको. (फोन केला असता, पण तू स्पीकर लावून बोलते अन् त्या शेजारीच बसून असतात. हे पत्रही एकटीनंच वाच.)

ताई, माझी झोप उडाली आहे. आमच्या रोशनीचं तुझ्या जाऊबाईंच्या सुशीलसोबत जवळपास ठरलं. तू शब्द टाकला म्हणून ठरलं. अन् आता ते माझ्याच हातानं मोडायची पाळी आली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमागं आपल्या गल्लीचा बडग्या निघतो, हे तुले माहीतच आहे. (इतवारीतच वाढली तू, पण हिंगणघाटात राहून विसरली असशील: वर्षभर ज्यानं लोकांचा जीव खाल्ला त्याचा पुतळा करायचा, बोंबलत गावाबाहेर न्यायचा अन् जाळायचा.) यंदा कशाचा करायचा म्हणून बैठक झाली. कोणी म्हणे खड्ड्यांचा, कोणी म्हणे डासांचा. मले काय अवदसा आठवली, मी उठलो. म्हटलं, खड्डे अन् डास तर आपल्या बापजाद्यांपासून आहेत, यंदा ट्रॉलीबसचा करा! माझ्या भांड्याच्या दुकानासमोर तिच्या तारांचा खांब रोवला, तेव्हापासून माल उतरवायले टेम्पो उभा करता येत नाही. वरच्या विजेच्या तारेवरून तिचा दांडा निसटला की बाईसाहेब भर चौकात ठाण मांडतात. मागं हातगाड्या, टेम्पो, धंतोलीले दवाखान्यात निघालेले पेशंट, सारे खोळंबून राहतात. अन् आता म्हणे तिची लाईन जरीपटक्यापर्यंत वाढवणार! अशा टाळ्या पडल्या ताई, की त्या भरात बडग्या बनवायचं कामही मीच अंगावर घेतलं.

अन् बडग्या असा जमला की काय सांगू! लाल तोंड, बटबटीत दिवे, दाराच्या जागी दात, डोक्यावर लांबच लांब बांबूचा दांडा अन् स्टेअरिंगवर मिशीवाला राक्षस. उभ्या जन्मात माझ्या हातून असं काम झालं नव्हतं.

मग तू सुशीलचं स्थळ आणलं. फोनवर म्हणाली, मुलगा नागपुरातच पक्क्या नोकरीवर आहे. कुठल्या, ते तू सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. (चूक दोघांची, पण तू मोठी.) मुलगी पाहायच्या दिवशी सिंधूताई वेळेवर आल्या अन् मुलाचाच पत्ता नाही. पोहे थंड होऊन राहिले. काहीतरी बोलावं म्हणून मी ट्रॉलीबसवर घसरलो. म्हटलं, तिनंच अडवला असेल रस्ता, तिचे ड्रायव्हर तर बैल हाकायच्याही लायकीचे नाहीत. आणखीही बरंच बोललो. सिंधूताईंनी बशी खाली ठेवली अन् शांतपणे म्हणाल्या, "माझा सुशील तीच चालवतो." तेवढ्यात सुशील दारात हजर. निसटलेला दांडा तारेवर चढवून चढवून पोराचे हात काळेकुट्ट झालेले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मले. मग जी तारीफ सुरू केली! धूर नाही, आवाज नाही, शहराची शान आहे, आम्ही गल्लीवाले तर मारबतीच्या दिवशी तिची आरती करणार आहोत. हे शेवटचं काहून बोललो, देव जाणे. सिंधूताई एकदम खूश. म्हणाल्या, मारबत कधी पाहिली नाही, यंदा तुमच्याच गॅलरीतून पाहू.

अन् बडग्या त्याच गॅलरीखालून जातो वं ताई! मंडळाच्या पोरांले विनवलं, बाबांनो, ट्रॉलीबसचा डास करू, दांड्याची सोंड होऊन जाईल. तर म्हणतात, "काका, टाळ्या घेताना बरं वाटलं, आता काहून पळून राहिले?" निदान राक्षसाची मिशी तरी काढावी म्हणून खरवडली, तर तो हुबेहूब सुशील दिसायले लागला. (सुशीलले मिशी नाही.) पुन्हा चिकटवली, ती वाकडी बसली. काल फाडूनच टाकतो म्हणून दुकानाच्या गोदामात गेलो, बडग्यावरची ताडपत्री उचलली, पण माझा हातच उठला नाही. काय चीज बनली आहे ताई! पोरीचं लग्न एकीकडे अन् हे एकीकडे, मधात मी. जेवण जाऊन नाही राहिलं.

तुझा भित्रा भाऊ,
केशव

ता. क. – तुझ्या गुडघ्यांचं काम आहे. मारबतीच्या दिवशी ते जरा जास्त दुखू दे, इतके की सिंधूताईंले तुले सोडून घराबाहेर पडता येऊ नये. भाचीसाठी आत्यानं एक दिवस कण्हलं तर काही बिघडत नाही.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवायले डिंक हवा होता म्हणून आत्ता गोदामात गेलो, तर ताडपत्री बाजूले पडलेली अन् बडग्यासमोर सुशील उभा! शेजारी रोशनी. त्यानं बडग्याले वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाला, "मामा, दांडे दोन असतात. एका दांड्यावर ही हलतच नाही." मग बाह्या सारून दुसरा बांबू बांधायले बसला. रोशनी सुतळी धरून, दोघंही खिदळून राहिले होते. जाताना म्हणाला, त्या दिवशी ड्युटी आहे, माझी बस मिरवणुकीच्या मागंच थांबली असेल, तेव्हा माझ्या वाटचंही तुम्हीच ओरडा.

तो गेल्यावर मी रोशनीवर भडकलो. म्हटलं, त्याले इथं आणलंच काहून? रागावला असता अन् लग्न मोडलं असतं तर?

ती हाताचा डिंक पुसत म्हणाली, "म्हणूनच तर आणलं, बाबा. रागावला असता तर मीच नाही म्हणणार होती."