बाबांसाठी बंद केलेली गोळी

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलोय. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबा गेले तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी उभा होतो. मामा म्हणाला, "पोरगा दगड झालाय." तुझी दुखावलेली नजर मला दिसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा जाण्याच्या आधीपासूनच माझं मन फार खचलं होतं, म्हणून गेली दोन वर्षं मी रोज सकाळी मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली एक गोळी घेतोय. तुला घोर लागेल म्हणून लपवलं.

मला वाटलं, गोळीनेच रडू आटवलं. इथे कामावर परतल्यावर ती मी कुणाला न विचारता बंद केली, बाबांसाठी एकदा तरी रडता यावं म्हणून. रडू आलंच नाही. आठवड्याने कारखान्यात यंत्रावर चष्म्याच्या काचा घासताना चक्कर आली, यंत्रात जाणारा हात थोडक्यात वाचला. डॉक्टरीणबाई चिडल्या, "अशी एकदम सोडायची नसते हो!" आता नेमाने घेतोय.

परवा दुपारी बाबांच्याच चष्म्याच्या नंबरची काच हातात आली. आई, गोळी चालू असूनही मी ढसाढसा रडलो. शेजारच्या कामगार बाईंनी यंत्र थांबवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तो हात तुझा असायला हवा होता. मीच तुला तेवढं जवळ येऊ दिलं नाही.

तुझा चुकलेला,
धाकटा