रबरी कडे बासष्ट मिलिमीटरवर आढळल्याबाबत

काळे रबरी कडे, एक.
उकडलेली रताळी, मीठ लावलेली, चौदा फोडी.
गुडघाभर चर.
साहेबांचा केशरी फेटा.
न हलणारा उजवा अंगठा.
अठ्ठावन्न अधिक सहा.

(वरील बाबी सुरुवातीलाच लिहिल्या आहेत. माझे मागचे सात अर्ज विषयाची ओळ वाचून परत आले, म्हणून या वेळी विषय खाली घेतला आहे.)

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
.............................. पोलीस ठाणे
(जागा मुद्दाम कोरी आहे. माझ्या भावावरचा गुन्हा ज्या हद्दीत बसला, त्याच हद्दीत कंत्राटदाराविरुद्धची तक्रार बसत नाही, असे आपण कळवले आहे. हद्द ठरल्यावर नाव भरून घ्यावे.)

दि. २४ फेब्रुवारी २०२५

विषय : मुद्देमालातील सायकलच्या पुढच्या शॉकवरील रबरी कडे बासष्ट मिलिमीटरवर आढळल्याबाबत, व त्या अनुषंगाने तपास अधिकाऱ्यांचे वजन करून मिळण्याबाबत.

संदर्भ : पंचनामा, दि. १७ नोव्हेंबर २०२४. पुरवणी पंचनामा, दि. १८ जानेवारी २०२५. माझे सात अर्ज.

महोदय,

१. मी समिधा पुंडलिक भोईर, वय एकतीस, राहणार मोरवा गाव, भाईंदर पश्चिम. आपल्या गुन्ह्यातील आरोपी प्रणित हा माझा धाकटा भाऊ. त्याच गुन्ह्यातील जखमीही तोच. रकाने दोन असल्यामुळे त्याचे नाव दोनदा आले आहे, ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे.

२. प्रणित डोंगरातल्या सायकल शर्यतींत उतरत असे. १५ डिसेंबरला त्याची बारा तासांची शर्यत होती. घाटमाथ्यावर अकरा किलोमीटरची मातीची फेरी, बारा तासांत होतील तितक्या. तयारी आम्ही दोघांनी केली. पाच दिवस पहाटे मोरव्याहून उत्तन, मग डोंगरीचा चढ आणि परत. रविवारी सलग सहा तास. शर्यतीत दर पन्नास मिनिटांनी रताळ्याची एक फोड खायची, म्हणजे चौदा फोडी. चालत्या सायकलवरून ती माझ्या हातातून उचलायचा सराव आम्ही गल्लीतच करायचो. आई ओरडायची, "घोरा हाय का त्यो? जरा बसवून चार!"

या सायकलच्या पुढच्या शॉकमध्ये, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांत, स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाला बेतून भरावी लागते. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी धरून प्रणित चौसष्ट किलो. शॉकच्या नळीवर एक रबरी कडे असते. ते बोटाने तळाला सरकवायचे. शॉक जितका दबेल तितके कडे वर ढकलले जाते, आणि शॉक सुटला तरी ते तिथेच राहते. भिंतीला हात टेकून माणूस नुसता बसला, तर एकशेवीसपैकी तीस मिलिमीटर. गतिरोधकावरून गेला, तर पन्नास-साठ. चाकाखालचा रस्ताच नाहीसा झाला, तर एकशेसतरा. म्हणजे शेवटच्या वेळी सायकलला मोठ्यात मोठा दणका केवढा बसला, हे कडे पाहून कळते. शनिवार, १६ नोव्हेंबरला दुपारी ते मी स्वतः तळाला आणून ठेवले होते.

३. रविवार, १७ नोव्हेंबर, पहाटे पाच चाळीस. उत्तनच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी आडवा चर खणलेला होता. गुडघाभर खोल. दिवा नाही, दोरी नाही. प्रणित पुढच्या चाकासकट आत गेला आणि त्याची मान मोडली. आम्ही रुग्णालयात असताना, सव्वाआठच्या आत, कंत्राटदाराच्या माणसांनी चर भरून वर डांबर ओतले. पंचनामा अकराला झाला. पान एक म्हणते : "रस्ता सपाट व सुस्थितीत असून कोणतेही काम चालू नाही. सायकलस्वार स्वतःचा तोल जाऊन पडला." पान दोन म्हणते : "सायकलस्वाराच्या निष्काळजीपणामुळे 'काम चालू आहे, सहकार्य करा' हा फलक मोडला." फलक चरात आडवा पडलेला होता. दोन्ही पाने एकाच माणसाने एकाच बैठकीत वाचावीत, एवढीच विनंती मी पहिल्या अर्जात केली होती.

४. (हा मुद्दा इथे लिहायचा होता. लिहिता आला नाही. पुढे जावे.)

५. १८ नोव्हेंबरला मुद्देमालाच्या आवारात मला सायकल दाखवली. कडे एकशेसतरावर होते. मोबाइल बाहेर ठेवायला लावला होता, त्यामुळे फोटो नाही. मी हवालदारांना म्हटले, साहेब, एवढे कागदावर घ्या. त्यांनी वाकून पाहिले. "हां, रबर है. तो?" मी म्हटले, या रबरावरून कळते की खड्डा होता. ते शेजारच्या शिपायाला म्हणाले, "सुन, अब रबर का जबाब लेना है." दोघे बराच वेळ हसले. शिपायाने हँडल धरून दोनदा दाबले. "मस्त जम्पिंग आहे, ताई." कडे हलले नाही, कारण हाताच्या दाबाने शॉक तेवढा दबतच नाही. सदर हवालदारांची आता बदली झाली आहे.

६. ११ डिसेंबरला नोटीस आली, आरोपीने समक्ष हजर राहावे. आरोपी मानेखाली हलत नाही, असे मी कळवले. उत्तर मिळाले, "समक्ष म्हणजे समक्ष." रुग्णवाहिकेतून आणले. स्ट्रेचर दारातून वळेना, म्हणून ते पायरीवरच ठेवले. सही होईना. तपास अधिकारी म्हणाले, "अंगठा तरी उचल की रे, शर्यती मारतोस ना?" मग त्यांनीच त्याचा उजवा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. तीनदा दाबला, कारण दोनदा फिसकटला. आई म्हणाली, "सायब, पोराचा हात हाय तो, शिक्का न्हाय." प्रणित म्हणाला, "आई, राहू दे. दुखत नाही."

हे खरे होते.

७. १२ जानेवारीला आपल्या ठाण्याने रस्ता सुरक्षेसाठी सायकल फेरी काढली. तिचा रंगीत फोटो सूचना फलकावर लावला आहे. तपास अधिकारी केशरी फेटा बांधून सर्वांत पुढे आहेत. सायकल प्रणितची आहे. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून मी चिकटवलेली हिरवी पट्टी फोटोत स्पष्ट दिसते. सीट चार बोटे खाली घेतलेली आहे. पुढचे चाक वाकले होते, त्याऐवजी दुसऱ्या जप्त सायकलचे बसवले आहे. हँडलला पुठ्ठा बांधला आहे : "घाई नको, घरी कोणीतरी वाट पाहत आहे." मी फोटोसमोर उभी असताना शिपाई कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमची गाडी फेरीआधी एकदम चकाचक केली, नळ्यासुद्धा पुसल्या." नळ्या पुसल्या म्हणजे कडे फडक्याबरोबर तळाला गेले. त्यानंतर साहेब बसले.

८. १८ जानेवारीला माझे म्हणणे अखेर मान्य झाले. पुरवणी पंचनामा असा : "अर्जदार यांच्या सांगण्यावरून रबरी कड्याची पाहणी केली. कडे बासष्ट मिलिमीटरवर आढळले. अर्जदार यांच्याच निकषानुसार एवढा दणका गतिरोधकाचा असतो. सबब घटनास्थळी खड्डा नव्हता." मुद्दा माझा, मोजपट्टी आपली, वजन साहेबांचे. दोषारोपपत्र येत्या पंधरवड्यात न्यायालयात जाणार आहे आणि हे पान त्यात सर्वांत वर असेल, असे आपल्या कारकुनांनी सांगितले. ते गेले की माझा भाऊ आपल्याच चुकीने पडला, हे कायमचे ठरेल.

९. प्रणित रोज जेवणाआधी एकच विचारतो, "ताई, कडं वरच आहे ना?" मी "वरच आहे" म्हणते. तो म्हणतो, "मग झालं." त्यानंतरच तो तोंड उघडतो आणि मी घास देते. फोडी आता लहान कराव्या लागतात.

सबब विनंती की,

(अ) तपास अधिकाऱ्यांचे बूट, पट्टा व फेट्यासह वजन करून त्याचा दाखला मला मिळावा. माहिती अधिकारात विचारले असता वजन ही वैयक्तिक बाब असल्याचे उत्तर आले. माझ्या भावाचे वजन आपल्या पंचनाम्याच्या पान एकवर आहे.

(आ) त्यांना त्याच सायकलवर, तेवढ्याच हवेवर, ठाण्यासमोरच्या गतिरोधकावरून तीनदा न्यावे. दर वेळी कडे तळाला आणून मग कुठे थांबते ते लिहावे.

(इ) त्यानंतर उत्तनच्या रस्त्यावर त्याच जागी तेवढाच चर पुन्हा खणावा. कंत्राटदाराच्या माणसांना अडीच तासांत भरता आला, तर खणायलाही फार वेळ लागू नये. मग पहाटे पाच चाळीसला चौसष्ट किलोचा माणूस सायकलसह त्यात सोडून कडे मोजावे. माणूस शोधायची गरज नाही. माझे वजन अठ्ठावन्न आहे. सहा किलो मीठ पाठीला बांधीन. आमचे मिठागर होते, गोणी पाठीवर कशी घट्ट बांधायची हे मला येते. ती सायकलही चालवता येते. मी वेग कमी करणार नाही, असे संमतीपत्रात लिहून दिले आहे. चर आहे हे मला माहीत असेल आणि प्रणितला नव्हते, एवढा फरक हिशेबात धरावा.

(ई) दोषारोपपत्राची प्रत द्यायला घरी कोणी आल्यास फेरीचा विषय प्रणितसमोर काढू नये. प्रत मी जिन्यातच घेईन.

वरील सर्व झाल्यावर कडे बासष्टवर थांबले, तर हा आणि मागचे सातही अर्ज मी मागे घेईन. मी बोलण्याच्या स्थितीत नसल्यास ते माझ्या वतीने मागे घेण्याचा अधिकार आईला दिला आहे. तिचा अंगठा चालतो.

आपली, अजून नम्र,

समिधा पुंडलिक भोईर

सोबत :
दोन्ही पंचनाम्यांच्या प्रती, पाने क्रमाने लावलेली.
संमतीपत्र.
सरकारी दवाखान्याच्या काट्यावरची माझ्या वजनाची चिठ्ठी.
रबरी कडे, नवीन, एक. (ओळखीसाठी. हरवले तरी चालेल.)

४. (मुद्दा तीननंतर वाचावा.) शनिवारी दुपारी, मोजमाप संपल्यावर, प्रणितने भिंतीवरचा हात काढला आणि जागच्या जागी उभ्या सायकलवर, पाय खाली न टेकवता, तो चार मिनिटे दहा सेकंद तोल धरून राहिला.